वाचकांचे प्रश्न : जुना डीएक्स-७ घ्यावा का?

प्रश्न : ओळखीत यामाहाचा १९८३ चा डीएक्स-७ सिंथेसायझर स्वस्तात मिळतोय. त्यातले आवाज फोनच्या अ‍ॅपमध्येही आहेत. मग एवढं धूड घरी कशाला आणायचं? – एक वाचक, मडगाव

उत्तर : डीएक्स-७ घ्यायचा तो बोटांसाठी. यात सहा ऑपरेटर, म्हणजे कंपनं तयार करणारे भाग, असतात. त्यातला एक दुसऱ्याची कंपनं हलवतो आणि त्यावर आवाजाचा रंग ठरतो. हलवणारा तो मॉड्युलेटर, ऐकू येणारा तो कॅरियर. ‘ई पियानो १’ हा तयार आवाज लावा, एडिटमध्ये (आवाज बदलायच्या विभागात) ऑपरेटर २ ची की व्हेलॉसिटी सेन्सिटिव्हिटी (पट्टी किती जोरात मारली त्याचा परिणाम) ० करा आणि एकच स्वर आधी हलका, मग जोरात वाजवा. वरची किणकिण दोन्ही वेळा तेवढीच. आता ती ७ वर न्या. हलक्या हाताला मऊ, जोराला घंटेसारखा टणत्कार! आवाज नुसता मोठा होत नाही, त्याची जातच बदलते.

लांब चालणाऱ्या स्ट्रिंग्जवर आफ्टरटच, म्हणजे धरलेली पट्टी आणखी दाबून आवाज बदलणं, वापरून पाहाच. फंक्शनमध्ये (एकंदर सेटिंगच्या विभागात) आफ्टरटचची रेंज ९९, ईजी बायस (दाबानुसार ऑपरेटरची पातळी वाढवणारी सोय) ऑन; एडिटमध्ये फक्त मॉड्युलेटरची ए मॉड सेन्सिटिव्हिटी (तो ऑपरेटर या दाबाला किती दाद देतो ते) २ किंवा ३. धरलेला स्वर बोट रुतवताच उजळतो. चुकून कॅरियरची वाढवलीत, तर पट्टी खोल दाबेपर्यंत आवाज दबलेलाच राहतो आणि यंत्र बिघडलं असं वाटतं.

मींडेसाठी पिच बेंडची (स्वर सरकवणाऱ्या चाकाची) रेंज २, स्टेप ०. श्रुती मात्र लावता येत नाहीत, त्यासाठी नंतरचं मॉडेल, डीएक्स-७ टू बघावा.

प्रश्न : चवथीला आरत्यांसाठी डीएक्स-७ काढला, तर आवाजांच्या नावांजागी भलतीच अक्षरं आणि नुसता गोंगाट. बोर्ड गेला का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : बहुधा मेमरीतले आवाज जपणारी आतली बॅटरी संपली. फंक्शन दाबून १४ नंबरचं बटण दाबा, व्होल्टेज दिसेल. ३ च्या आसपास हवं. सीआर२०३२ सेल बोर्डावर सोल्डर केलेला असतो. प्लग काढून तो उतरवा आणि तिथे होल्डरच बसवून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कावीया (सोल्डरिंग आयर्न) लागणार नाही. सेल बदलला म्हणून गेलेले आवाज परत येत नाहीत. मेमरी प्रोटेक्ट इंटर्नल (आतल्या मेमरीचं कुलूप) ऑफ करा, मिडीत (वाद्य कॉम्प्युटरला जोडायच्या सेटिंगमध्ये) ‘सिस इन्फो अ‍ॅव्हेल’ निवडा आणि कॉम्प्युटरवरून ३२ आवाजांची ४१०४ बाइटची फाइल पाठवा.

यंत्र जपानहून आलेलं असेल तर मागे लिहिलेलं व्होल्टेज आधी वाचा. १०० व्होल्टचं असल्यास स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या २३० ला लावू नका. पावसाळ्यात कापडी आच्छादन घाला. प्लास्टिकखाली ओल कोंडते. आणि आठवड्यातून अर्धा तास वाजवा, नाहीतर पट्ट्यांखालचे संपर्क काळे पडून एखादा स्वर अडखळू लागतो.