फ्रीकॅडच्या मॅक्रोत व्हेक्टरची कॉपी बदलली की मूळ व्हेक्टरही का बदलतो? आणि एकाच जागी दिसणारे दोन बिंदू 'समान नाहीत' असं का येतं?

तुम्ही रबाळे एमआयडीसीत पॅनेलच्या माउंटिंग प्लेटसाठी फ्रीकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मॅक्रो, म्हणजे छोटा पायथॉन प्रोग्राम, लिहिताय. एका कोपऱ्याच्या बिंदूवरून (फ्रीकॅडमध्ये बिंदू म्हणजे व्हेक्टर, तीन अक्षांवरचे तीन आकडे) बाकीची भोकं काढायला गेलात तर कोपराच सरकतो, आणि डीएक्सएफ या ड्रॉइंग फाइलमधून आलेल्या दोन रेषांची टोकं स्क्रीनवर चिकटलेली असूनही == (दोन्ही समान आहेत का, हे विचारणारं चिन्ह) लावलं की 'फॉल्स' येतं, असं तुम्ही लिहिलंय. मी वागळे इस्टेटला याच धंद्यात आहे, त्यामुळे ही दोन्ही दुखणी चांगली ओळखीची आहेत. उत्तर मोबाइलवरून लिहितोय, म्हणून कोडही देवनागरीतच आलाय. कन्सोलमध्ये टाकताना फ्रीकॅडची आणि पायथॉनची नावं आणि आकडे इंग्रजीत टाका, आणि नावांतली लहान-मोठी अक्षरं फ्रीकॅडमध्ये जशी आहेत तशीच ठेवा.

आधी कोपऱ्याचं बघू. तुमचा कोड असा आहे:

कोपरा = ॲप.व्हेक्टर(२०, २०, ०)
भोक = कोपरा
भोक.एक्स = भोक.एक्स + ५६०

दुसऱ्या ओळीत कॉपी झालेलीच नाही. व्हेक्टर एकच आहे आणि त्याला आता दोन नावं आहेत. तिसरी ओळ चालली की 'कोपरा' छापून बघा, ५८०, २०, ० येईल. खरी कॉपी हवी असेल तर भोक = ॲप.व्हेक्टर(कोपरा) असं लिहा. जुना व्हेक्टर कंसात दिला की त्याच आकड्यांचा नवा व्हेक्टर तयार होतो. किंवा सरळ भोक = कोपरा + ॲप.व्हेक्टर(५६०, ०, ०) लिहा, बेरजेचं उत्तर नेहमी नवाच व्हेक्टर असतो. मला हीच पद्धत आवडते, कारण यात कुठलाही बिंदू जागेवर बदलायची वेळच येत नाही.

इथवरचं कुठल्याही पायथॉनच्या क्लासमध्ये शिकवतात. माणूस जिथे अडकतो ती जागा पुढे आहे: फ्रीकॅडच्या व्हेक्टरच्या काही मेथड (व्हेक्टरवर चालवायच्या आज्ञा) नवा व्हेक्टर देतात आणि काही मूळच बदलतात, आणि नावावरून ते अजिबात कळत नाही. ॲड, सब, क्रॉस, निगेटिव्ह आणि +, -, * ही चिन्हं मूळ व्हेक्टरला हात लावत नाहीत. नॉर्मलाइझ, मल्टिप्लाय, स्केल, प्रोजेक्टटूलाइन, प्रोजेक्टटूप्लेन मात्र मूळच बदलतात. म्हणजे अ * २ केलं तर अ शाबूत राहतो, आणि अ.मल्टिप्लाय(२) केलं तर अ स्वतःच दुप्पट होतो. पायथॉनच्या लिस्टची सॉर्ट मेथड जागेवर बदल करते, पण हातात 'नन' देते, त्यामुळे चूक लगेच उघडी पडते. इथे तसं होत नाही. मल्टिप्लाय आणि नॉर्मलाइझ बदललेला व्हेक्टर परतही देतात, म्हणून बघणाऱ्याला वाटतं की नवा मिळाला.

कडेची लांबी आणि दिशा दोन्ही हवी असतात तेव्हा हे हमखास घडतं:

कड = शेवट.सब(सुरुवात)
दिशा = कड.नॉर्मलाइझ()
प्रिंट(कड.लेंग्थ)

कड ५६० मिमीची असली तरी छापून येतं १, कारण नॉर्मलाइझ दिशा तीच ठेवून लांबी १ करतं. 'दिशा' आणि 'कड' हा एकच व्हेक्टर आहे. खात्री करायची तर 'दिशा इज कड' विचारा, 'ट्रू' येईल. उपाय एका शब्दाचा आहे: दिशा = ॲप.व्हेक्टर(कड).नॉर्मलाइझ(). कड शून्य लांबीची निघाली तर नॉर्मलाइझ एरर देतं, तेव्हा त्याआधी लांबी तपासलेली बरी.

लिस्टमध्येही हाच गोंधळ होतो. बिंदूंच्या लिस्टची कॉपी घेतली की लिस्ट नवी मिळते, आतले व्हेक्टर तेच राहतात. [ॲप.व्हेक्टर()] * ४ लिहिलं तर चार बिंदू मिळत नाहीत, एकाच बिंदूचे चार उल्लेख मिळतात. फंक्शनच्या डिफॉल्ट आर्ग्युमेंटमध्ये व्हेक्टर ठेवून आत तो बदललात, तर पुढच्या वेळी फंक्शन बदललेल्या आकड्यांवरून सुरू होतं. सगळीकडे औषध एकच आहे, प्रत्येक बिंदूसाठी वेगळा ॲप.व्हेक्टर(बिंदू). याच्या उलटही होतं. आकाराच्या व्हर्टेक्सचा (कोपऱ्याचा) 'पॉइंट' वाचला की मिळते ती कॉपी, ती कितीही हलवा, प्लेट जागची हलत नाही. फ्रीकॅडमधल्या ड्राफ्टच्या वायरचे (जोडलेल्या रेषांचे) 'पॉइंट्स' बदलायचे असतील तर लिस्ट काढा, बदला आणि पूर्ण लिस्ट परत त्या प्रॉपर्टीत टाका.

आता बरोबरी. फ्रीकॅडचं == तीन अक्षांचे फरक साधारण २.२ × १०^-१६ या मर्यादेत आहेत का ते बघतं. मर्यादा आहे हे ऐकून बरं वाटतं, पण मिलिमीटरच्या कामात ती नसल्यातच जमा आहे. १०० च्या आसपास संगणकाला लागोपाठचे दोन आकडे सुमारे १.४ × १०^-१४ अंतरावरच मांडता येतात. म्हणजे आकडा शेवटच्या बिटापर्यंत तोच नसेल तर तुमचं == नापासच होणार. बरं, गंमत अशी की ०.१ + ०.२ आणि ०.३ हे प्रसिद्ध उदाहरण व्हेक्टरमध्ये घालून पाहिलंत तर 'ट्रू' येतं, कारण तिथला फरक त्या मर्यादेच्या आत बसतो. त्यावर विसंबून मॅक्रो लिहिला की खऱ्या प्लेटवर फसतो. १०० मिमीचा बिंदू साइन-कोसाइन लावून ९० अंशांत फिरवा, एक्समध्ये ० ऐवजी ६ × १०^-१५ च्या घरातला कचरा उरतो आणि == 'फॉल्स' म्हणतं.

त्यासाठी 'इझइक्वल' आहे: अ.इझइक्वल(ब, ०.०१). दोन बिंदूंमधलं अंतर दिलेल्या टॉलरन्सच्या (चालेल तेवढ्या फरकाच्या) आत असेल तर 'ट्रू'. टॉलरन्स मात्र तुम्हीच ठरवायचा, आणि तो पायथॉनला नाही, लेझरवाल्याला विचारून ठरवायचा. पत्र्याच्या कामात लेझरचा कापच एक-दोन दशांश मिलिमीटरचा असतो, त्यामुळे टोकं जुळवायला ०.०१ मिमी पुरेसा कडक आहे. फ्रीकॅडच्या आतल्या ओपनकॅस्केड या भूमितीच्या इंजिनाचा नेहमीचा टॉलरन्स आहे १०^-७ मिमी.

या दोन आकड्यांमधली दरी लक्षात ठेवा. इझइक्वलने टोकं जुळली, तुम्ही खूश होऊन मूळ बिंदू तसेच वायरला दिलेत, तर ओपनकॅस्केडला ती टोकं सुटीच दिसतात. वायर उघडी राहते आणि फेस (बंद वायरच्या आतला भरीव पृष्ठभाग) बनत नाही. म्हणून नुसती तुलना पुरत नाही. जुळलेल्या बिंदूंपैकी एक ठेवायचा आणि बाकीच्या सगळ्या ठिकाणी तोच घालायचा. नियम पक्का करा: पहिला भेटलेला बिंदू प्रमाण, पुढचे त्याच्याशी ताडायचे. एकमेकांशी ताडत गेलात तर अ आणि ब जवळ, ब आणि क जवळ, पण अ आणि क लांब अशी साखळी तयार होते.

काही जण आकडे दोन दशांशांवर गोल करून डिक्शनरीची की बनवतात. वेग चांगला मिळतो, पण १०.००४९ गोल होऊन १०.०० होतं आणि १०.००५१ होतं १०.०१, म्हणजे अगदी शेजारचे बिंदू वेगळ्या खणांत पडतात. की स्ट्रिंगची असेल तर आणखी एक खोड आहे: उणे शून्य '-०.०' म्हणून येतं आणि '०.०' शी जुळत नाही. एका प्लेटला भोकं किती, शे-दोनशे? तेवढ्यासाठी सरळ लूप लावून इझइक्वल चालवा.

बिंदू एक केल्यावर काही बारक्या रेषांची दोन्ही टोकं एकच होतात. त्या पार्ट.लाइनसेगमेंटला देण्याआधी गाळा, नाहीतर दोन्ही बिंदू सारखे आहेत अशी एरर येईल. वायर बनली की इझक्लोज्ड विचारा, 'ट्रू' आलं तरच पार्ट.फेस चालवा. तरीही 'फॉल्स' आलं तर डीएक्सएफमधल्या त्या टोकांमधलं अंतर छापून इथे टाका, मग बघू.