गळ्यातला क्रूस आणि आरतीचं ताट

एका ताईंचं पत्र आलंय. त्यांची ओळख कळू नये म्हणून थोडं आटोपशीर करून देते.

‘आमच्या घरात पणजोबांपासून ख्रिस्ती विश्वास आहे. इथे परदेशात येऊन अकरा वर्षं झाली. रविवारी जवळच्या इंग्रजी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जातो. निवडणूक जवळ आली की पाळक (पास्टर) उपदेशात एकाच पक्षाची भाषा बोलायला लागतात आणि उपासना संपल्यावर लोक सरळ विचारतात, तुम्ही आमच्या बाजूचे ना? महाराष्ट्र मंडळात गेलं की वेगळाच ताण. गणपतीत कुणीतरी आरतीचं ताट हातात देतं, आम्ही घुटमळलो की नजरा बदलतात. परवा मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने लिहिलं, बाटलेले ते मराठी कसले! आमच्या चौदा वर्षांच्या मुलीने ते वाचलं. दुसऱ्या दिवशी आजीने दिलेला चांदीचा क्रूस तिने गळ्यातून काढला आणि कंपासपेटीत ठेवला. तिला काय सांगायचं तेच सुचत नाही.’

ताई, त्या कंपासपेटीपासूनच सुरू करते. क्रूस परत घाल, असं तिला सांगू नका. ‘एवढ्यानं घाबरलीस?’ असं तर चुकूनही म्हणू नका. तिने तो फेकलेला नाही, जपून ठेवलाय, आणि तोही रोज शाळेत न्यायच्या पेटीत. या वयात मुलं आधी गप्प होतात, विचार मागाहून बोलतात. आज रात्री भांडी आवरताना तिला एवढंच विचारा, की ते वाचून तुला काय वाटलं? मग ऐकत राहा. लगेच बायबलमधलं वचन काढून वाचून दाखवू नका. वचनाची वेळ येईल.

आता क्रूसाचीच एक गोष्ट, तिला सांगण्याजोगी. पंडिता रमाबाई १८८३ साली छोट्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वाँटेजला मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्यात त्यांच्यावर टीकेची झोड उठली. हे आपल्याला ठाऊक असतं. तिकडे काय चाललं होतं ते फारसं कुणी सांगत नाही. ज्या मठातल्या भगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीही रमाबाईंचे खटके उडत होते. चर्चने सांगितलेला प्रत्येक सिद्धान्त मी डोळे मिटून स्वीकारणार नाही, स्वतः शास्त्र वाचून ठरवीन, असं त्यांनी स्पष्ट कळवलं. शाकाहार सोडला नाही. आणि गळ्यात क्रूस घालायचाच असेल, तर त्यावर लॅटिनऐवजी संस्कृत शब्द असावेत, असं म्हणाल्या. संस्कृतला पवित्र मानत होत्या म्हणून नव्हे, तर ती आपल्या देशाची प्राचीन, सुंदर भाषा म्हणून. विचार करा, परक्या देशात, दुसऱ्यांच्या आधारावर राहणारी पंचविशीतली विधवा बाई हे बोलतेय. ख्रिस्त तिने मनापासून स्वीकारला होता. इंग्रज होण्याचं मात्र कुठेच कबूल केलं नव्हतं.

तुमच्या पत्रातल्या सगळ्या प्रश्नांची किल्ली मला इथे दिसते. विश्वासाचा गाभा वेगळा आणि एखाद्या गोटात असल्याची खूण वेगळी. तुमच्यावर दोन्हीकडून जो दबाव येतोय तो बहुतेक खुणांसाठी आहे. मंडळीतल्यांना तुमचं मत हवंय, मंडळातल्यांना तुमच्या हातात ताट हवंय. या खुणा देत बसलात तर मागण्या संपणार नाहीत. गाभा कोणता हे घरात एकदा नीट बोलून ठरवा. तेवढं ठरलं की बाकी पुष्कळ ठिकाणी मोकळेपणाने वागता येतं.

आरतीचं बघू. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या, बायबलमधल्या पहिल्या पत्राचे आठवा आणि दहावा अध्याय याच पेचावर आहेत. बाजारात विकायला आलेलं मांस मूर्तीपुढे ठेवलेलं असू शकत होतं. पौल म्हणतो, चौकशी न करता खा. पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे अर्पण केलेलं आहे, तर त्याच्या विवेकबुद्धीसाठी खाऊ नका. आणि मूर्तीच्या पूजेत भाग घेण्याबद्दल मात्र तो कडक आहे. आपल्या लोकांत प्रसादाबद्दल दोन्ही तऱ्हेचे लोक आहेत. कुणी स्नेहाने दिलेला खाऊ म्हणून घेतात, कुणी हात जोडून नको म्हणतात. माझं मत विचाराल तर आरती ओवाळणं ही पूजा आहे. ज्याची श्रद्धा तिथे नाही त्याने ती नुसती लाजेकाजेस्तव करणं हा ख्रिस्ताचाही मान नाही आणि गणपतीवर खरी श्रद्धा असणाऱ्यांचाही नाही. प्रसादाबाबत तुमच्या विवेकबुद्धीला पटेल ते करा आणि जो वेगळं करतो त्याला नावं ठेवू नका.

पण हे सांगायची वेळ ताट हातात आल्यावरची नव्हे. गणपतीच्या पंधरा दिवस आधी मंडळाच्या सचिवांना फोन करा. म्हणा, ‘दादा, आम्ही ख्रिस्ती आहोत, आरतीला उभे राहू पण ओवाळणार नाही, गैरसमज नको. खुर्च्या लावणं, मुलांचं नाटक, स्वयंपाकघर, यातलं काहीही सांगा.’ आणि मग खरोखरच सगळ्यांच्या आधी जाऊन खुर्च्या लावा. चार वर्षं हे केलंत की ताट पुढे करणारेच शेजारच्याला सांगतील, अहो, त्यांना नका देऊ, त्या ओवाळत नाहीत. माझ्या बाबतीत झालंय म्हणून सांगते.

ज्यांना नोकरीमुळे एखाद्या पूजेला नुसतं उभं राहावं लागतं, त्यांनी बायबलमधल्या ‘२ राजे’ या पुस्तकातला पाचवा अध्याय वाचावा. अरामी सेनापती नामान बरा होतो, एका देवाला मानतो आणि मग संकोचून विचारतो, धनी माझ्या हाताचा आधार घेऊन रिम्मोन या आमच्या देवाच्या देवळात वाकेल तेव्हा मलाही वाकावं लागेल, त्याची क्षमा होईल ना? अलीशा संदेष्टा त्याला झापत नाही. शांतीने जा, एवढंच म्हणतो.

आता मंडळीतलं राजकारण. हा भाग मला जास्त बोचतो, कारण इथे दबाव आपल्याच माणसांचा असतो आणि तो वचनाच्या नावाने येतो.

येशूच्या बारा शिष्यांची यादी काढा. त्यात मत्तय आहे, रोमच्या अंकित सत्तेसाठी जकात गोळा करणारा. त्याच यादीत शिमोन आहे, ज्याला जिलोत म्हणत. या नावाने ओळखले जाणारे लोक पुढे रोमन सत्तेचे कट्टर वैरी ठरले. आजच्या कुठल्याही दोन पक्षांतलं अंतर या दोघांपुढे थोडंच म्हणायचं. येशूने दोघांनाही एका पंगतीला बसवलं. ज्या मंडळीत फक्त मत्तय चालतो किंवा फक्त शिमोन चालतो, तिने त्या पंगतीतली काही पानं उचलून टाकलेली आहेत.

याचा अर्थ पाळकाने राज्यकारभारावर अवाक्षर काढू नये असा नाही. गरीब, विधवा, परदेशी यांच्याबद्दल शास्त्र ठामपणे बोलतं, तर उपदेशकानेही बोलावं. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात परदेशी माणसावर स्वतःसारखी प्रीती कर अशी आज्ञा आहे. परदेशी म्हणजे इथे तुम्ही-आम्हीच. फरक एवढाच, की वचन पक्षाला तपासतंय की पक्ष वचनाला वापरतोय? जर्मनीत १९३४च्या मे महिन्यात बार्मेन या ठिकाणी ल्युथरन, रिफॉर्म्ड आणि संयुक्त या प्रोटेस्टंट मंडळ्यांचे प्रतिनिधी जमले ते याच प्रश्नावर. हिटलरच्या राजवटीशी सूर जुळवणारा एक गट चर्चमध्ये बळावला होता. कार्ल बार्थ या धर्मपंडिताने मुख्यत्वे लिहिलेल्या तिथल्या जाहीरनाम्यात ठणकावून सांगितलं, की मंडळीने ऐकावं आणि आज्ञा पाळावी असं देवाचं एकच वचन आहे, ते म्हणजे येशू ख्रिस्त. दुसरा कुठलाही नेता किंवा सत्ता त्याच्या बरोबरीला बसवता येणार नाही. तुमच्या पाळकांची तुलना त्या काळाशी करा असं मी म्हणत नाही, तसं करू नका. पण ते वाक्य जवळ असू द्या.

पाळकांना वेळ मागून एकटे भेटा. मत्तय १८ मध्ये तोच क्रम आहे, आधी दोघांतच बोलायचं. त्यांच्या पक्षावर टीका करू नका. एवढंच सांगा, की पास्टर, त्या रविवारच्या उपदेशानंतर आमची मुलगी म्हणाली, आपण इथले नाही वाटतं. हे ऐकून खऱ्या पाळकाला झोप येणार नाही. सहा महिन्यांनीही काही हललं नाही, आणि प्रभुभोजनाला जाताना तुमच्या मनात राग घेऊनच जावं लागत असेल, तर दुसरी मंडळी शोधणं हे पाप नाही. उपासनेनंतर मत विचारणाऱ्याला हसून सांगा, मतदान गुप्त असतं. ज्यांच्याकडे अजून नागरिकत्व नाही, त्यांनी वादात पडूच नये. त्यांच्यासाठी यिर्मया २९ पुरेसा आहे. बाबेलात नेलेल्या लोकांना देव सांगतो, घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याच्या कल्याणासाठी झटा आणि प्रार्थना करा.

आणि हो, बळी फक्त आपणच असतो असं समजू नका. एकदा नाताळच्या सभेला मी माझ्या शेजारणीला घेऊन गेले होते, आमच्याच गावाकडची, रोज देवपूजा करणारी. साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगायला, उभा राहिलेला एक गृहस्थ मूर्तिपूजकांची टिंगल करू लागला. लोक हसले. मी हसले नाही, पण उठलेही नाही, नंतर जाऊन त्याला काही बोललेही नाही. परतताना गाडीत ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘तुझी आई असं बोलली असती का गं?’ नसती बोलली. माझी आई बायबल छातीशी धरून झोपणारी बाई, पण शेजारच्या देवघराबद्दल तिच्या तोंडून वावगा शब्द कधी निघाला नाही. त्या रात्री मी माझ्या प्रभूला नाकारलं असंच मी आजही मानते. मुलीला ग्रुपवरचं वाक्य टोचलं असेल, तर आपल्या मंडळीत दुसऱ्यांबद्दल निघणारी वाक्यंही तिला ऐकू येत असतील.

‘मराठी कसले’ याचं उत्तर ग्रुपवर देऊ नका, घरी द्या. थॉमस स्टीफन्स हा जन्माने इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला आणि त्याने दहा हजारांहून अधिक ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. ते १६१६ साली छापलं गेलं. खड्यांमध्ये रत्न उठून दिसावं तशी भाषांमध्ये मराठी, असं त्याने त्यात म्हटलंय. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणण्यात घालवली. आणि अगदी अलीकडे, २०२०च्या जानेवारीत उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, वसईचे धर्मगुरू. त्यांच्या निवडीला काहींनी विरोध केला, तरी संमेलन झालं आणि मराठी वाचकांनी त्यांना ऐकलं. मुलीला हे ठाऊक असेल तर तिला कुणाशी भांडावं लागणार नाही.

नोकरीच्या ठिकाणी क्रूस घालण्याबद्दल आणखी दोघांनी विचारलंय. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १५ जानेवारी २०१३ रोजी ब्रिटनमधल्या चार ख्रिस्ती कर्मचाऱ्यांच्या दाव्यांवर निकाल दिला. विमान कंपनीच्या काउंटरवर छोटा क्रूस घालणारी बाई जिंकली, पण रुग्णालयातली परिचारिका हरली, कारण साखळी रुग्णाने ओढली तर इजा होईल हे कारण न्यायालयाला पटलं. तेव्हा आधी नियम लेखी मागा आणि त्यामागचं कारण विचारा. पौलाला फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने शांतपणे आपलं रोमन नागरिकत्व सांगितलं होतं. हक्क सांगणं म्हणजे अविश्वास नव्हे.

गावच्या मंडळीला पैसे पाठवणाऱ्यांसाठीही थोडं. मायदेशी यावर आता बारीक नजर असते आणि एका चुकीचा त्रास तिथल्या पाळकाला भोगावा लागतो. तुम्ही परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) असूनही तुमची देणगी विदेशी धरली जाते. ती घ्यायला त्या संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२०च्या दुरुस्तीपासून ती स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच आधी जमा व्हावी लागते. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलंत, तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. पाळकांच्या खासगी खात्यात मंडळीचे पैसे टाकू नका, कितीही जुनी ओळख असली तरी. तसंच ओसीआय कार्डावर भारतात जाऊन मिशनरी काम करायचं असेल, तर ४ मार्च २०२१च्या अधिसूचनेनुसार खास परवानगी घ्यावी लागते. सुट्टीत आपल्या चर्चमध्ये उपासनेला बसणं ही वेगळी गोष्ट, पण सभा घेत फिरण्याचा बेत असेल तर आधी विचारून घ्या.

ताई, रविवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं काढा. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा एखादा अभंग म्हणा, सूर लागला नाही तरी चालेल. मग आजींना फोन लावा आणि तो चांदीचा क्रूस त्यांच्याकडे कुणाकडून आला, तो घातल्याबद्दल त्यांना कधी कुणी काही बोललं होतं का, हे मुलीलाच विचारू द्या. तुम्ही मध्ये बोलू नका. त्या काय म्हणाल्या ते मला जरूर कळवा.