आम्ही ऊसतोडीला गेलो असताना बेलीफाने समन्स सालगड्याकडे दिलं. ही बजावणी धरतात का? (गाव बीड जिल्ह्यात)

नाही, सालगड्याच्या सहीवर बजावणी धरत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 5, नियम 15 प्रमाणे तुम्ही घरी नसाल अन् लवकर परतण्याची शक्यता नसेल, तर समन्स सोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या सज्ञान माणसाला देता येतं. बाई असो की पुरुष. नोकर कुटुंबात मोडत नाही, हे तिथं स्पष्टच लिहिलंय.

समन्स बेलीफ आणतो, पोस्टानेही येतं. कोर्टाच्या परवानगीनं वादी स्वतःही बजावू शकतो. कुणी घ्यायलाच नकार दिला तर बेलीफ प्रत दारावर डकवतो आणि घर कुणी दाखवलं, कुणासमोर डकवली, ते मूळ समन्सच्या पाठीमागे लिहितो. तो शेरा कोर्टात जाऊन जरूर वाचा. पुष्कळदा सगळी गोम तिथंच सापडते.

पण भाऊ, एवढ्यावर गाफील राहू नका. तारीख तुम्हाला वेळेत कळली होती असं दिसलं, तर निव्वळ बजावणीतल्या चुकीवर एकतर्फी हुकूमनामा (तुमच्या गैरहजेरीत दिलेला निकाल) रद्द होत नाही. कारखान्यावरून एक दिवस काढून या, वकीलपत्र द्या. कैफियतीला, म्हणजे दाव्याला तुमचं लेखी उत्तर द्यायला, बजावणीपासून 30 दिवस असतात. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा.