पाडव्याचं बटण नंतर दाब, साइट आधी चालू कर

अरे,

काल रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला, 'ताई पाडव्याला लॉन्च ठरलंय, पाहुणेही ठरले, पत्रिका छापायला गेली आणि देणगीचं पान अजून चालत नाहीये, काय करू'. वाचला आणि माझी झोप उडाली. तुझ्या काळजीने म्हणशील तर थोडीशीच. जास्त करून माझंच जुनं सगळं डोळ्यासमोर आलं.

तू मनापासून करतोयस, संस्था एका तालुक्यातून तीन जिल्ह्यांत गेलीय, साइट हवीच आहे, ते सगळं मला माहितीय, त्यात वेळ घालवत नाही. मुद्दा एकच. साइट आधी चालू करायची, उद्घाटन नंतर. एका दिवशी दोन्ही नाही. पाडवा साडेतीन मुहूर्तांपैकी एक असेल रे, पण साइटच्या नावावरून तिचा सर्व्हर शोधून देणाऱ्या डीएनएसला मुहूर्त कळत नाही.

आम्ही २०१४ ला पंधरा ऑगस्टचा घाट घातला होता. सकाळी झेंडावंदन, मग हॉलमध्ये प्रोजेक्टर, पाहुण्यांच्या हातात माउस. नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या सगळ्या नोंदी जिथे ठेवलेल्या असतात ती जागा, मी आदल्या रात्री बदलला होता. स्क्रीनवर नवी साइट दिसली, टाळ्या झाल्या, आणि हॉलमधले लोक आपापल्या फोनवर उघडतात तर निम्म्यांना जुनीच. तो बदल सगळीकडे पोचायला एक-दोन दिवस लागू शकतात हे मला माहीत होतं, तरी केलं, कारण तारीख ठरलेली. बरं, हे हसण्यावारी नेता येतं. खरी चूक दुसरीच होती. नव्या ठिकाणी मी साइटचा पत्ता भरला आणि एमएक्स रेकॉर्ड आणायचा विसरले, म्हणजे संस्थेच्या ईमेलवर येणारी पत्रं कुठे पोचवायची ती नोंदच नव्हती. दोन दिवस एकही मेल आला नाही आणि आम्हाला वाटलं सुट्टी आहे म्हणून शांत आहे. ते दिवस शिष्यवृत्तीच्या अर्जांचे शेवटचे होते. महिन्याभराने एका मुलीचे वडील ऑफिसात आले, हातात चार घड्या घातलेला प्रिंट, सायबर कॅफेतून काढलेला, त्यावर इंग्रजीत 'डिलिव्हरी फेल्ड'. त्यांनी तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि घड्या हाताने सपाट करत राहिले, बोलले काहीच नाहीत. निवड झालेली होती, पैसे वाटून झाले होते. मी 'टेक्निकल प्रॉब्लेम' म्हणाले. अजून लाज वाटते त्या शब्दांची.

म्हणून सांगते, आधी चालू कर. पंधरा दिवस आधी, गुपचूप, मंगळवारी सकाळी, शुक्रवारी संध्याकाळी तर मुळीच नाही. नेमसर्व्हरला हातच लावू नकोस, फक्त ए रेकॉर्ड बदल, म्हणजे साइट कुठल्या सर्व्हरवर आहे ती नोंद, आणि दोन दिवस आधी त्याचा टीटीएल, म्हणजे जुनी नोंद किती वेळ लक्षात ठेवायची तो आकडा, ३०० सेकंदांवर आण, म्हणजे काही बिनसलं तर पाच-दहा मिनिटांत बहुतेकांना जुन्या जागी परत नेता येतं. हे करायला बसशील तेव्हाच तुला कळेल की डोमेनचा पासवर्ड कोणाकडे आहे. बहुतेक वेळा तो एखाद्या जुन्या कार्यकर्त्याच्या स्वतःच्या ईमेलला जोडलेला असतो आणि तो आता पुण्यात नोकरीला. हे पाडव्याच्या सकाळी कळून काय उपयोग?

आणि मार्च! मार्चअखेरीला लोक टॅक्ससाठी देणगी देतात, वर्षातली सगळ्यात गर्दीची वेळ, आणि तुमच्या ट्रस्टींना तेव्हाच दुकान हलवायचंय. साइट चालू झाली की स्वतःच्या खिशातून दहा रुपये देणगी दे. पावती आली का, त्यावर ८०जी चा, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारा, नंबर बरोबर आहे का, फॉर्ममध्ये पॅन मागितलाय का ते बघ. पॅन नसेल तर १०बीडी, म्हणजे देणगीदारांच्या यादीचा आयकराचा फॉर्म, भरताना तुमचे अकाउंटंट मे महिन्यात एकेका देणगीदाराला फोन करत बसतील, ३१ मेच्या आत. ऑनलाइन पैसे घेणाऱ्या पेमेंट गेटवेवर परदेशी कार्ड चालू आहे का तेही बघ. परदेशी देणगी घ्यायला लागते ती एफसीआरए नोंदणी नाही ना तुमची? मग ते बंद ठेव. अमेरिकेतल्या कुणाचा भारतीय पासपोर्ट असेल तर त्याच्या बचतीतली देणगी परदेशी धरत नाहीत, पण तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परदेशीच, नाव कुलकर्णी असो नाहीतर जाधव. नोंदणी असती तरी ते पैसे २०२१ पासून आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. हे ट्रस्टींना सांग, बाकी काही नाही तरी याला घाबरतील.

जुने अहवाल श्रीलिपीत, म्हणजे त्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये, असतील तर कॉपी-पेस्ट केल्यावर नुसती अगम्य अक्षरं येतात, युनिकोडमध्ये बदलून घ्यावे लागतात आणि नंतर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात. याला वेळ लागतो, बस.

तू म्हणशील ताई, ट्रस्टी ऐकत नाहीत. माझेही ऐकत नव्हते. पुढच्या वेळी, म्हणजे २०१८ ला, मी मीटिंगमध्ये सरळ सांगितलं की तारीख पुढे ढकला नाहीतर मी बटण देणार नाही. तारीख ढकलली, पुढच्या वर्षी मला समितीतून काढलं. लोक म्हणतात मी हट्टी आहे. असेन. पण त्या वेळी एकही मेल परत गेला नाही, हे कोणी बोलत नाही. हां, 'तुम्हाला काय कळतं' असं मी वयाने मोठ्या माणसाला सगळ्यांसमोर म्हणाले ते चुकलंच, ते तू करू नकोस. तुला तर तारीख ढकलायचीही गरज नाही रे, तेच तर सांगतेय! पाडव्याला पाहुण्यांना बटण दाबू दे, फोटो काढू दे, पेढे वाटू दे. फक्त ते बटण दाबण्याआधी साइट पंधरा दिवस चालू असू दे. कोणाला सांगायचीही गरज नाही. खोटं वाटतं का हे तुला? घरात आधी राहायला जाऊन नंतर वास्तुशांत करणारे कमी आहेत का?

या मंगळवारी करू या. मी साडेनऊनंतर मोकळी आहे, फोन कर, मी लाइनवर राहते. तुमच्या ऑफिसातल्या मावशींचा फोन मागून घे, तोच तो मेमरी फुल्ल असलेला, आणि वायफाय बंद करून त्यावर पहिलं पान उघड. तू पाठवलेला बॅनरचा फोटो सहा एमबीचा आहे, तो त्याआधी लहान कर.

ताई