जुनं गाणं पुन्हा रेकॉर्ड करताय? आधी पट्टी ठरवा

जुनी कॅसेट थेट डेकमध्ये घालू नका. मुंबईच्या दमट हवेत टेपवर पांढरी बुरशी धरते. दिसली तर आधी साफ करून घ्या. मग २४ बिटच्या डिजिटल फाइलमध्ये उतरवा, पण तिच्यावरून पट्टी (गाण्याचा ‘सा’ कुठल्या सुरावर धरायचा ते) ठरवू नका, डेकचा वेग जरा चुकला तरी सूर सरकतो.

पट्टी आजच्या गळ्यावर ठरते. अंतऱ्यातली सर्वांत वरची जागा सलग तीनदा गा. तिसऱ्यांदा आवाज ताणला, तर अर्ध्या सुराने उतरा. हे तबलजींना बोलावण्याआधीच करा, कारण पेटीवरच्या काळी एक या सुराचा तबला पांढरी पाच या सुराला चढत नाही. पावसाळ्यात पुडी (तबल्यावरचं कातडं) सैल पडते, एसीत कोरडी होऊन चढते. तबला अर्धा तास स्टुडिओत ठेवून मगच सुरात लावा.

शब्द मात्र फार छाटू नका. तेव्हाची कच्ची ओळच अनेकदा गाण्याचा जीव असते.