वाचकांचे प्रश्न : चार हजारांनंतर गाडी का ओढत नाही?

प्रश्न (म्हापसा) : माझी २०१० ची होंडा सिटी, १.५ आय-व्हीटेक, मॅन्युअल, १ लाख १० हजार किलोमीटर. बेळगावला जाताना चोर्ला घाटात ४,००० आरपीएमनंतर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) नुसता आवाज वाढतो, गाडी ओढत नाही. इंजिनचा दिवा लागत नाही. गॅरेजवाले कोन फिल्टर (उघडा, शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर) आणि फ्री-फ्लो (धूर कमी अडवणारा) सायलेन्सर बसवायला सांगतात. बसवू का?

उत्तर : आत्ता नको. या इंजिनाचा सर्वाधिक १४६ एनएम टॉर्क (फिरवण्याचा जोर) ४,८०० आरपीएमला आणि ११८ पीएस ताकद ६,६०० ला मिळते. तुमची गाडी जिथे दमते, तिथून तर तिचं खरं काम सुरू होतं. आधी मूळची ताकद परत मिळवू.

‘नुसता आवाज वाढतो’ म्हणताय, म्हणून पहिला संशय क्लचवर. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ५० च्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा झटकन चढला आणि वेग जागेवरच राहिला, तर क्लच प्लेट घसरतेय. इंजिन खोलू देऊ नका.

क्लच ठीक निघाला तर ऑइल बघा. व्हीटेक या होंडाच्या व्हॉल्व्ह-यंत्रणेत वरच्या आरपीएमला रॉकरमधली (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीतली) पिन ऑइलच्या दाबानेच सरकते आणि व्हॉल्व्ह जास्त उघडणाऱ्या कॅमवर जातात. लेव्हल खाली गेली किंवा व्हीटेक सोलेनॉइडची (हे ऑइल सोडणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हची) बारीक जाळी गाळाने तुंबली की हा बदल नीट होत नाही. दिवा नसला तरी स्कॅनर लावून पी २६४६ (व्हीटेकच्या ऑइल-दाब स्विचचा) कोड साठलाय का पाहा. वरच्या आरपीएमला चालवणाऱ्याने दर १,००० किलोमीटरला डिपस्टिक बघायलाच हवी.

मग टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली गॅप. याकडे सर्रास दुर्लक्ष होतं आणि त्याचं खरंच वाईट वाटतं. यात आपोआप जुळणारे हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, स्क्रूने गॅप लावावी लागते : इंजिन पूर्ण थंड असताना इनटेक ०.१५ ते ०.१९ मिमी, एक्झॉस्ट ०.२६ ते ०.३० मिमी. व्हॉल्व्ह सीटमध्ये झिजून बसत गेला की गॅप कमी होते आणि इंजिन उलट शांत वाजतं! आवाज नाही म्हणून सगळं ठीक, असं समजू नका. गॅप संपली की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. रात्रभर उभी ठेवलेली गाडी सकाळी फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) लावून तपासून घ्या.

त्यानंतर थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप. ती साफ करताना इग्निशन बंद हवं, पाकळी बोटाने ढकलायची नाही. नंतर एसी-दिवे बंद ठेवून, गिअर न्यूट्रलला, ३,००० आरपीएमवर रेडिएटरचा पंखा फिरेपर्यंत इंजिन चालवा. मग पाय काढून पाच मिनिटं आयडलवर सोडा. हे केलं नाही तर आयडल वरखाली होतं.

आपल्याकडच्या खाऱ्या हवेने इंजिनाच्या अर्थिंग वायरीच्या टोकाला आणि ठिणगी देणाऱ्या कॉइलच्या कनेक्टरला हिरवट गंज धरतो. आरपीएम वर जाताना ठिणगी चुकते ती त्यामुळेही. टोक घासून चकचकीत करा. इतकं करूनही फरक नसेल, तर एक्झॉस्ट पाइपवरचा पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावायला सांगा. २,५०० आरपीएमला दाब ३ पीएसआयच्या वर गेला तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातलं प्रदूषण कमी करणारा भाग) तुंबलाय.

कोन फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. ३५ अंशांऐवजी ५५ अंशांची हवा आत गेली की ती सुमारे ६ टक्के विरळ असते. त्याचा पाइप खाली बंपरपर्यंत नेला तर पावसात साचलेलं पाणी सिलिंडरमध्ये जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनीचा एअर बॉक्स आणि कोरडा, स्वच्छ कागदी फिल्टर हेच उत्तम.

घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर ४,००० ते ६,००० मध्ये ठेवा. वरचा गिअर असा टाका की काटा ४,००० च्या खाली पडणार नाही. मात्र घरून निघाल्यावर पहिले ५-६ किलोमीटर ३,००० च्या आत. पाणी लवकर तापतं, ऑइलला वेळ लागतो.

प्रश्न (मडगाव) : अशा इंजिनात १०० ऑक्टेनचं पेट्रोल घातलं तर पिकअप वाढेल?

उत्तर : नाही. जास्त ऑक्टेन फक्त नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी खडखड) रोखतं, जास्त ऊर्जा देत नाही. चढावर खडखड येत असेल तर कार्बन आणि प्लग तपासा. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल, तर पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल दमट हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि रिकाम्या टाकीत अशी हवा जास्त मावते.