पहिल्या बोटीनंतर मुलगा परत जायला तयार नाही

मी समुपदेशक आहे. मर्चंट नेव्हीत, म्हणजे मालवाहू बोटींवर गेलेल्या मुलांचे आईवडील माझ्याकडे येतात ते बहुतेक वेळा एकच प्रश्न घेऊन. पहिलं कॉन्ट्रॅक्ट संपवून मुलगा घरी आलाय, आता परत जायचं नाव काढत नाही. त्याला ढकलायचं की राहू द्यायचं? आणि पाठोपाठ विनंती: "मॅडम, त्याला जरा कॉन्फिडन्स द्या."

पुण्याला समुद्र नाही, पण लोणावळा, तळेगाव, लोणी काळभोर या पट्ट्यात समुद्रावर जाण्याचं शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. त्यामुळे इथली बरीच मुलं या वाटेला लागतात. रत्नागिरी-रायगडकडच्या गावात निदान आळीत तरी कुणी काका-मामा बोटीवर जाऊन आलेला असतो. पहिले महिने कसे जातात, काय खुपतं, काय आपोआप सुटतं, हे तो गप्पांच्या ओघात सांगून जातो. चिंचवडच्या किंवा कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये असा माणूस नसतो. मग जे झालं ते आपल्या एकट्याच्याच वाट्याला आलं, असं मुलाला वाटत राहतं.

असाच एक २० वर्षांचा डेक कॅडेट, म्हणजे बोटीवर अधिकाऱ्याचं काम शिकणारा उमेदवार, वडिलांबरोबर आला. त्याचं नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या बोटीवर, आठ महिने काढून तो परतला होता. कंपनीचे फोन येत होते, तो उचलत नव्हता. वडील पिंपरीतल्या कारखान्यात नोकरीला, डोक्यावर शैक्षणिक कर्ज. "एवढी फी भरली, आणि आता म्हणतो मला काही जमत नाही," असं म्हणताना त्यांचा आवाज चढला, आणि मुलगा खुर्चीत आणखी खाली सरकला. मी वडिलांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

अशा वेळी धीराच्या गोष्टी मी पहिल्या भेटीत करत नाही. आधी थेट विचारते. बोटीवर कुणी मारलं का, नको तसा स्पर्श केला का, जेवण किंवा पगार अडवला का, धमकी दिली का? झोप कशी लागते? जगणं नको वाटलं का, रेलिंगपाशी उभं असताना काही मनात आलं का? हे विचारल्याने विचार डोक्यात भरतात अशी भीती पालकांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे: कुणीतरी विचारलं याचंच मुलांना हायसं वाटतं. यातल्या एकाही प्रश्नाला "हो" आलं, तर आत्मविश्वासाचा विषय बाजूला ठेवून आधी सुरक्षिततेचं बघायचं, गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. या मुलाची सगळी उत्तरं "नाही" होती. फक्त झोप तुटक होती आणि एक प्रसंग डोक्यातून जात नव्हता.

बंदरात शिरताना तो ब्रिजवर, म्हणजे जिथून बोट चालवतात त्या खोलीत, टेलिग्राफपाशी, म्हणजे इंजिनाला वेग-दिशेचा हुकूम देणाऱ्या लिव्हरपाशी उभा होता. पायलटने, म्हणजे बंदरात बोट नेणाऱ्या वाटाड्याने, "डेड स्लो अहेड" (अगदी सावकाश पुढे) म्हटलं. याच्या तोंडून गेलं "डेड स्लो अस्टर्न". पुढेच्या जागी मागे. हात लिव्हरपर्यंत पोचायच्या आत थर्ड मेटने, म्हणजे ब्रिजवरच्या कनिष्ठ अधिकाऱ्याने, तो धरला. कॅप्टन सगळ्यांसमोर ओरडले आणि त्याला ब्रिजवरून खाली पाठवलं. त्या दिवसापासून हुकूम परत म्हणताना त्याचा आवाज घशातच राहू लागला. "काय बडबडतोयस?" म्हणून पुन्हा ओरडा बसायचा, आणि आवाज आणखी खाली जायचा.

"त्याच्या आधीचे दोन दिवस तू काय करत होतास?" मी विचारलं. तो बराच वेळ आठवत राहिला. होल्ड क्लीनिंग. पुढचा माल भरायच्या आत होल्ड, म्हणजे बोटीतली मालाची कोठारं, धुऊन-खरवडून स्वच्छ करायचं काम, आणि त्यावर वॉच, म्हणजे पाळीची ड्युटी. सलग झोप किती? चार तास असेल, म्हणाला. पण विश्रांतीच्या तक्त्यावर त्याची सही होती आणि तक्ता अगदी नियमाबरहुकूम भरलेला होता.

इथे नियम काय आहे ते घरच्यांनीही माहीत करून घ्यावं. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन हा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार २०१३ पासून लागू आहे आणि भारतानेही तो स्वीकारला आहे. त्यातल्या विश्रांतीच्या हिशोबाप्रमाणे २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. ते १० तास फार तर दोन तुकड्यांत, आणि त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा. नोंदीची प्रत प्रत्येकाला मिळणं हा त्याचा हक्क आहे. मुलगा ज्याला स्वतःचा नालायकपणा समजत होता, त्यातला मोठा भाग निव्वळ झोपेचा होता.

उरलेला भाग शिकण्याचा होता आणि तो मी त्याच्यापासून लपवला नाही. अरुंद पाण्यात हजारो टनांची बोट पटकन थांबत नाही, तिथे चुकीचा हुकूम गेला तर बंदराचा धक्का, माणसं, सगळंच धोक्यात येतं. कॅप्टनचा ताण खरा होता. चारचौघांत अपमान करणं मात्र मला पटत नाही. त्यातून मूल सावध होत नाही, ते गप्प होतं, आणि ब्रिजवर गप्प झालेला कॅडेट जास्त धोक्याचा. हुकूम मोठ्याने परत म्हणायची पद्धत आहेच मुळी चूक पकडण्यासाठी. त्याची चूक मोठ्याने झाली म्हणून ती पकडली गेली. पुटपुटला असता तर थर्ड मेटला कळलं कसं असतं? हे ऐकल्यावर त्याने पहिल्यांदा वर बघितलं.

पुढच्या भेटीला मी त्याला ट्रेनिंग रेकॉर्ड बुक आणायला सांगितलं. कॅडेटने शिकलेलं एकेक काम अधिकाऱ्याने बघून सही करायची, असं हे जाडजूड पुस्तक असतं. "मला काही येत नाही" म्हणणाऱ्या मुलाच्या पुस्तकात पानामागून पान सह्या होत्या. मूरिंगची (बोट बांधायची) तयारी, लाइफबोटीची तपासणी, चार्टवर (समुद्राच्या नकाशावर) पोझिशन टाकणं. ओरडलेल्या कॅप्टनचीही, त्या प्रसंगानंतरच्या तारखेची सही होती. मी त्याला एकेक काम मला समजावून सांगायला लावलं. मला त्यातलं काही येत नसल्याने त्याला सगळं सोपं करून सांगावं लागलं, आणि लाइफबोटीपर्यंत येईतो त्याचा आवाज नेहमीचा झाला होता. नुसत्या "तू करू शकतोस"ने हे होत नाही, माझं यावर ठाम मत आहे. केलेलं काम समोर दिसावं लागतं.

मग हुकमांचा सराव केला. मी कागदावरून वाचायचं, त्याने खणखणीत परत म्हणायचं. मधेच मी मुद्दाम अस्पष्ट बोलायची. तेव्हा अंदाज न बांधता त्याने पुन्हा विचारायचं. सुरुवातीला हे विचारणंच त्याला सगळ्यात जड गेलं.

पण खोलीतल्या सरावाला मर्यादा आहे. मी बोटीवर राहिलेली नाही. म्हणून सुट्टीवर आलेल्या, पुण्यातच राहणाऱ्या एका सेकंड मेटशी, म्हणजे थर्ड मेटच्या वरच्या अधिकाऱ्याशी, त्याची गाठ घालून दिली. दोघं खडकवासल्याच्या चौपाटीवर भेटले. या सरांनी उपदेश केला नाही. नव्या बोटीवर पहिल्या दिवशी आपलं मस्टर स्टेशन (संकटात जमायची जागा) आणि लाइफबोट स्वतः पायी जाऊन बघायची, बोसनला (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला) आणि कूकला आपणहून नाव सांगायचं, येत नसेल ते वॉच सुरू व्हायच्या आधी सांगून टाकायचं, अशी हाताला लागेल अशी माहिती दिली. आपण कॅडेट असताना काय काय घोळ घातले तेही सांगितलं. परत आल्यावर मुलगा मला म्हणाला, "सरांचंपण असंच झालं होतं." माझ्या कितीतरी तासांपेक्षा या एका वाक्याचा उपयोग जास्त झाला. कंपन्यांनी प्रत्येक कॅडेटला असा एक माणूस ठरवून द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

आईवडिलांशी वेगळं बोलले. फोनवर कर्जाचा हप्ता काढायचा नाही. "खूप त्रास आहे का?" असं विचारण्यापेक्षा "आज काय काम केलंस?" विचारायचं. डिसेंबर २०२४ पासून त्याच करारातल्या दुरुस्तीने बोटीवर शक्य तितकी इंटरनेटची सोय द्यायला सांगितलं आहे, तरी दोन दिवस निळी टिक दिसली नाही म्हणून घाबरायचं नाही. आणि वडिलांनी परस्पर कॅप्टनला फोन करायचा नाही. खरंच काही बिनसलं तर बोटीवर तक्रारीची ठरलेली पद्धत असते, शिवाय कंपनीत किनाऱ्यावर बसणारी एक जबाबदार व्यक्ती असते, तिला डीपीए म्हणतात. तिचा नंबर मुलाने जायच्या आधीच घरी लिहून ठेवावा. सीफेरर-हेल्प ही खलाशांसाठीची मोफत हेल्पलाइन २४ तास चालते. आपल्याकडे मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ आहे.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगते. माझ्याकडे आलेल्या दुसऱ्या एका मुलाला वरिष्ठाकडून मारहाण झाली होती, आणि घरच्यांना त्यालाही मी "खंबीर" करून परत पाठवायला हवा होता. तिथे मी नाही म्हटलं. मार सहन करायला शिकवणं हे समुपदेशन नव्हे. त्याची लेखी तक्रार आधी गेली, बाकीचं नंतर.

आपला कॅडेट दोन महिन्यांनी साइन ऑन झाला, म्हणजे नव्या बोटीवर रुजू झाला. दुसरी बोटही सोपी नव्हती. मध्ये त्याने एकदा विश्रांतीच्या खोट्या नोंदीवर सही करायला नकार दिला आणि चीफ मेटशी, म्हणजे कॅप्टनच्या खालोखालच्या अधिकाऱ्याशी, आठवडाभर अबोला सहन केला, तेव्हा सेकंड मेट सरांना त्याचे लांबलचक मेसेज जायचे. दहा महिने पुरे झाल्यावर त्याचा १८ महिन्यांचा सी-टाइम, म्हणजे परीक्षेआधी समुद्रावर काढावा लागणारा काळ, भरला. आता तो सेकंड मेटच्या परीक्षेच्या तयारीत आहे. लेखीची त्याला चिंता नाही, धास्ती आहे ती ओरल्सची, परीक्षकासमोर आवाज पुन्हा बसेल याची. त्यामुळे आमचा सराव परत सुरू झालाय. या वेळी हुकमांच्या जागी समुद्रावरच्या वाहतुकीचे नियम आहेत आणि प्रश्न विचारायला सर स्वतः येतात.